पाठीवर हवा, जिभेवर नको

टेस्ट ट्यूबमध्ये चिमूटभर सॅलिसिलिक आम्ल घ्यायचं, त्यावर थोडं मिथेनॉल, मग कडेनं जपून संहत सल्फ्युरिक आम्लाचे थेंब. ट्यूब गरम पाण्याच्या बीकरमध्ये ठेवायची आणि थोड्या वेळानं आतलं सगळं गार पाण्यात ओतायचं. सांगलीत मुलांना हे प्रात्यक्षिक देताना दरवर्षी एकच घडतं. जर्नलमध्ये निरीक्षणाच्या रकान्यात 'विंटरग्रीन तेलाचा वास' असं लिहायचं असतं, आणि पेन उघडायच्या आधीच कुणीतरी ओरडतं, "मॅडम, आयोडेक्स!" पलीकडच्या टेबलावरून "मूव्ह!" येतं. कुणी झंडू बाम म्हणतं. विंटरग्रीनचं झुडूप त्यांतल्या एकानंही पाहिलेलं नसतं, तरी वास ओळखायला कुणाला वेळ लागत नाही. ओळखताना प्रत्येकाला घरचं कुणीतरी माणूस आठवत असतं, ते त्यांच्या तोंडावर दिसतं. एक मुलगी म्हणाली होती, "आमच्या आजीच्या वाकळेला हाच वास येतो."

मुलांचं बरोबरच असतं. मूव्हच्या खोक्यावर घटकांमध्ये गंधपुरो तेल लिहिलेलं असतं, तेच हे विंटरग्रीनचं तेल. त्यात जवळजवळ सगळं एकच द्रव्य असतं, मिथाइल सॅलिसिलेट, आणि ट्यूबमध्ये आम्ही तेच बनवतो. ओग्यूस्त काऊर या फ्रेंच रसायनज्ञानं १८४३च्या सुमारास या तेलातून ते ओळखून काढलं. आता बाजारातलं बरंचसं मिथाइल सॅलिसिलेट कारखान्यातच तयार होतं, आमच्या ट्यूबमध्ये होतं त्याच रीतीनं.

हाच वास अमेरिकेत खाऊचा आहे. तिथं त्याच्या गोळ्या मिळतात, च्युइंगगम मिळतं, पेनसिल्व्हेनियात तर या चवीचं गुलाबी आइस्क्रीम मिळतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, मुलांना सांगतही होते. पण वाचणं वेगळं आणि आपल्या घरात कुणीतरी ती गोळी तोंडात टाकून मिटक्या मारताना बघणं वेगळं.

फलटणला माझी थोरली बहीण असते. तिचा मुलगा पेनसिल्व्हेनियात आहे. डिसेंबरच्या सुट्टीत तो बायकोमुलाला घेऊन आला आणि सगळे सांगलीला आमच्याकडं आले. त्याचा मुलगा आठ वर्षांचा, मला मावशीआजी म्हणतो. त्यानं खिशातून पांढऱ्या, मधे भोक असलेल्या गोळ्यांची पुडी काढली आणि पहिली गोळी पणजीला दिली. म्हणजे माझ्या आईला. आईनं ती कौतुकानं तोंडात घातली, आणि लगेच पदरात काढून घेतली.

"आरं बाळा, ह्यो तर बाम हाय!"

"नाही पणजी, कँडी आहे."

"आसंल तुझी कँडी. माझ्या तोंडाला बाम लागला ह्यो."

मीही एक खाऊन बघितली. साखर गोड होती, गारवा पुदिन्यासारखा होता, आणि त्या दोन्हींच्या मधून जे वर येत होतं ते गिळायला माझा घसा तयार नव्हता. मला रसायन माहीत, त्यात किती कमी द्रव्य आहे ते माहीत, तरी घसा अडला. पोराला मात्र आमचं काय बिनसलं ते कळेना. तो एकामागून एक गोळी चघळत होता.

त्या रात्री मी त्याला एक गंमत दाखवली. खोलीतले दिवे घालवले, खिडकीचा पडदा ओढला, डोळे अंधाराला सरावू दिले आणि आरशासमोर उभं करून त्याला सांगितलं, तोंड उघडं ठेवून दाढेनं गोळी फोड. कचकन गोळी फुटली आणि त्याच्या तोंडात निळसर ठिणगी चमकली. मग दुसरी. मग आम्ही अख्खी पुडी संपवली. आई पलंगावरून विचारत होती, "काय जळतंय का गं पोराच्या तोंडात?" जळत काहीच नसतं. साखरेचे स्फटिक फुटताना त्यांच्या तुकड्यांवर विरुद्ध विद्युतभार येतो, त्यातून हवेतला नायट्रोजन उजळतो. साध्या खडीसाखरेतही हे होतं, पण तो उजेड बहुतांशी अतिनील असतो, डोळ्यांना जेमतेम दिसतो. मिथाइल सॅलिसिलेट तो अतिनील प्रकाश पितं आणि निळा करून परत देतं. म्हणून लिंबाच्या गोळीत जवळजवळ अंधारच आणि विंटरग्रीनच्या गोळीत ठिणगी. डिसेंबर होता म्हणून जमलं. पावसाळी दमट हवेत गोळी ओलसर पडली तर ठिणगीही मंदावते.

मूळ विंटरग्रीन हे वीतभर उंचीचं, जमिनीला धरून पसरणारं झुडूप आहे, उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांतलं. हिवाळ्यात बर्फाखालीही पानं हिरवी राहतात आणि लाल फळं टिकून असतात. तिथले मूळ रहिवासी त्याच्या पानांचा चहा करत, पानं चघळत. युरोपातून आलेल्या लोकांनी ते त्यांच्याकडून घेतलं. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ पेर काल्म अठराव्या शतकाच्या मध्याला क्वेबेकला गेला तेव्हा तिथल्या गोतिये नावाच्या डॉक्टरानं त्याला मदत केली. त्या डॉक्टरावरून झाडाला गॉल्थेरिया हे नाव पडलं. आपल्याकडची गॉल्थेरिया वेगळी, उंच झुडूप होणारी. ती हिमालयात, खासी टेकड्यांत आणि खाली निलगिरीच्या डोंगरांत वाढते. उटीला फिरायला गेलेली माणसं निलगिरी तेलाच्या बाटलीबरोबर विंटरग्रीनचीही बाटली घेऊन येतात, ती याच झाडाची.

या पानांची एक गोष्ट मला फार आवडते. ताज्या, न दुखावलेल्या पानात हा वास मोकळा नसतो. तो साखरेच्या रेणूंना बांधलेला असतो. पान चुरगळलं, भिजलं, की पानातलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, ती गाठ सोडवतं आणि वास बाहेर पडतो. म्हणून तेल काढणारे पानं आधी कोमट पाण्यात भिजत घालतात आणि मग ऊर्ध्वपातन करतात. पान चेचल्याशिवाय तेल नाही.

अमेरिकेत या चवीला खरी जागा मिळाली ती रूट बिअरमध्ये. नावात बिअर असली तरी ते मुलांचं सरबत आहे. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्स यांनी १८७६च्या तिथल्या मोठ्या प्रदर्शनात ते लोकांपुढं मांडलं. मुळात त्यात ससाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाचा अर्क असे. त्यातलं सॅफ्रोल घातक ठरल्यावर १९६०मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि ती चव उभी करण्याचा भार विंटरग्रीनवर आणखी पडला. भाच्याची बायको सांगत होती, तिच्या भारतीय मैत्रिणींपैकी प्रत्येकीनं पहिल्या घोटाला हेच म्हटलं आहे: हे आयोडेक्स कुणी बाटलीत भरलं? तिथं पोट बिघडलं की घेतात त्या गुलाबी औषधालाही हीच चव आहे. तिथं औषध घशाखाली उतरवायचं तर त्यात खाऊची चव घालतात, आणि ती चव ही.

आपल्या नाकाला हे विचित्र वाटतं, पण विचित्र वाटणारे आपण एकटे नाही. १९६६मध्ये मॉनक्रीफ या संशोधकानं ब्रिटनमध्ये लोकांना वेगवेगळे वास देऊन आवडीनिवडी विचारल्या, तेव्हा मिथाइल सॅलिसिलेट अगदी तळाच्या वासांत गेलं. १९७८मध्ये केन आणि जॉन्सन यांनी अमेरिकेत तसाच प्रयोग केला, तेव्हा तेच द्रव्य सगळ्यांत वर आलं. याचा एक उलगडा असा देतात की ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा वास दुखऱ्या अंगाला चोळायच्या मलमांचा होता, त्या पिढीला तो जखमा आणि दवाखान्यांसकट आठवतो. अमेरिकन मुलानं तो पहिल्यांदा हुंगला तो गोळीच्या पुडीत. मला हा उलगडा पटतो. नाकाला आवडनावड जन्मानं मिळत नाही, वास पहिल्यांदा कुणाच्या हातून आला त्यावर ती ठरते. बाकीचं सगळं त्यावर रचलं जातं. मिरजेला १८९४मध्ये वॉन्लेस डॉक्टरांनी अमेरिकन मिशनचा दवाखाना काढला, या भागातल्या कित्येक पिढ्या तिथं बऱ्या होऊन घरी गेल्या. अमेरिकेहून आमच्या जिल्ह्यात शस्त्रक्रिया आली, पण हा खाऊ काही आला नाही.

माझ्याकडं हा वास आला तो माझ्या वडिलांच्या पाठीवरून.

आण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. यार्डात हळद, गूळ, बेदाणा, मिरची, सगळ्याची पोती. हळदीच्या सौद्यांचे दिवस आले की त्यांचा सदरा, टोपी, कानामागची घडीसुद्धा पिवळी व्हायची. त्या वेळी पोतं शंभर किलोपर्यंतचं असे. आकडा लावून ते उचलायचं, मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मधे घ्यायचं आणि फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली तेव्हा मला हरिपूरच्या पेवांची आठवण झाली, व्यापाऱ्यांची झाली, आणि सगळ्यांत आधी आण्णांच्या मानेखालच्या त्या घट्ट्याची झाली. त्या मानांकनात त्या घट्ट्याचाही वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

रात्री जेवणं झाली की आण्णा पालथे पडत. आई चुलीशी हात शेकून घेई, काचेच्या बाटलीतलं काळं आयोडेक्स बोटावर घेई आणि कमरेपासून वर चोळत नेई. महिन्याच्या अखेरीला बाटली संपलेली असली की बाजारातून सुट्टं आणलेलं कसलंसं हिरवं तेल असे, वास तोच. खोली लहान होती. आम्ही दोघी बहिणी तिथंच कंदिलाशी अभ्यासाला बसलेल्या असायचो. हळदीचा कोरडा वास, त्यावर चढलेला बामाचा वास, आणि आईचं मधूनच विचारणं, "इथं का? जरा वर?" आण्णा फारसे बोलायचे नाहीत, हुंकार द्यायचे. त्या घरात प्रेम म्हणून काही बोललं गेल्याचं मला आठवत नाही, पण आई आण्णांच्या पाठीला हात लावायची तो हात मला पाठ आहे. पुढं कॉलेजात कार्बनी रसायनाच्या प्रात्यक्षिकात ट्यूबमधून हा वास पहिल्यांदा वर आला तेव्हा मी जर्नल बंद करून थोडा वेळ गप्प बसले होते.

म्हणून या वासाला कुणी नुसतं 'औषधी' म्हटलं की मला ते कमी वाटतं. आपल्या भागात तो कष्टांचा वास आहे आणि कष्टांनंतरच्या हातांचाही. ऊसतोडीच्या फडातून आलेल्या बाईच्या कमरेला तो असतो, दिवसभर भांगलण करून आलेल्या गुडघ्यांना असतो. आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की लोणंद, तरडगाव, फलटण या मुक्कामांवर तो रस्ताभर येतो. ताईच्या घराजवळ दरवर्षी पोरंपोरी बादल्या आणि मलमाच्या ट्यूबा घेऊन बसतात. वारकरी चप्पल काढून पाय पुढं करतो, कॉलेजातलं पोरगं ते पाय मांडीवर घेऊन चोळतं, आणि चोळून झालं की त्याच पायांवर डोकं टेकवतं. मी ताईकडं असते तेव्हा मीही बसते. संध्याकाळी घरी आले तरी हात धुऊन वास जात नाही, आणि जाऊ नये असं वाटतं. ज्या वासाशी माणसाची इतकी जवळीक झाली आहे, तो वास गोड करून खायला दिला तर जीभ नकार देणारच. तो नकार अडाणीपणाचा नाही. तिकडच्या पोराला ती गोळी आवडते त्यातही काही वावगं नाही, त्याच्या आजीनं कदाचित पर्समधून तीच गोळी काढून दिली असेल.

या चवीची एक बाजू मात्र मला मुळीच पटत नाही. अमेरिकेत ओठाखाली धरायच्या तंबाखूला विंटरग्रीनची चव भरपूर देतात. ज्या चवीला लहानपणापासून खाऊ म्हणून ओळखलं, तीच चव लावून तंबाखू पुढं करायची, यात फसवणूक आहे. मशेरीनं हिरड्या गेलेल्या बायका मी माझ्या आजूबाजूला पाहिल्या आहेत. त्यांच्या मशेरीला निदान खाऊचा वास नव्हता.

आणि एक गोष्ट शिक्षिका म्हणून सांगायलाच हवी. गोळीत हे द्रव्य नाममात्र असतं, पण शुद्ध तेलाची बाटली वेगळी. चहाच्या चमच्याएवढ्या, म्हणजे ५ मिलिलिटर तेलात जवळपास ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं. ते ३२५ मिलिग्रॅमच्या वीसेक अॅस्पिरिन गोळ्यांएवढं झालं. लहान मुलाच्या जिवावर बेतायला चमचाही लागत नाही. उटीहून आणलेली ती बाटली उंच फळीवर, झाकण घट्ट लावून ठेवा. घरात कुणी रक्त पातळ व्हायची वॉर्फरिनसारखी गोळी घेत असेल तर अशी मलमं रोज भरपूर चोळण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण हे द्रव्य कातडीतून रक्तात उतरतं.

इतकं सगळं झाल्यावर मला शोध लागावा तसा आनंद झाला तो भलत्याच जागी. आपण म्हणतो, आम्ही हे खात नाही. पण निलगिरीच्या चांगल्या चहाला जो एक उंच, गार सुगंध असतो त्यात मिथाइल सॅलिसिलेटचा हात असतो. श्रीलंकेतल्या उवा भागाच्या चहाची तर ती ओळखच आहे. ते आपण आनंदानं पितो. पिकलेल्या टोमॅटोच्या वासातही ते थोडं असतं. आणि निशिगंध! आमच्याकडं लग्नाच्या हारांत, गौरीपुढं, सत्यनारायणाच्या चौरंगाला लागतो तो निशिगंध. त्या फुलाच्या अर्कात मिथाइल सॅलिसिलेट असतं. रात्री खोलीत निशिगंधाचा गुच्छ ठेवून जरा लांबून हुंगा, गोडव्याच्या मागं किंचित औषधी असं काहीतरी येतं, ते हेच. हे कळल्यावर मी फुलवाल्याकडं उभी राहून किती तरी वेळ हुंगत होते. आण्णांच्या पाठीवरचा वास नवरानवरीच्या गळ्यातही होता, आणि मला तो कधी वेगळा काढता आला नव्हता.

झाडांना हा वास कशासाठी लागतो तेही आता कळलं आहे. १९९७मध्ये एक संशोधन आलं: तंबाखूच्या झाडाला विषाणूची लागण झाली की ते मिथाइल सॅलिसिलेट हवेत सोडतं आणि शेजारचं निरोगी झाड त्यावरून सावध होतं. कोळी किडीनं पान खाल्लं तरी काही झाडं तो सोडतात, आणि त्या वासावर किडीला खाणारे मित्रकीटक येतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात द्राक्षांच्या आणि हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या, मळ्यांत हे द्रव्य टांगून पाहिलं, मित्रकीटक वाढलेले दिसले. तासगावला चुलतभावाची द्राक्षबाग आहे. त्याला हे सांगितलं तर तो उठून बसला. "म्हंजे बागंला बाम लावायचा?" फवारणीच्या खर्चानं आणि तिच्या धास्तीनं तो इतका गांजलेला आहे की उद्याच बाटली आणायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. आपल्या हवेत, आपल्या किडींवर याची नीट परीक्षा व्हायला हवी, आणि ती कुणा शेतकऱ्याच्या उभ्या पिकावर होऊ नये. कृषी महाविद्यालयातल्या एखाद्या मुलीनं हा विषय घेतला तर मी तिला माझी प्रयोगशाळा उघडून देईन, हे मी खरंच सांगते.

भाचा परत जायच्या आदल्या रात्री आईची कंबर धरली होती. दिवसभर उठबस झालेली. मी मलम आणायला उठले तर पोरानं ट्यूब माझ्या हातातून घेतली, म्हणाला, मी लावतो. पणजी कुशीवर वळली. त्यानं ट्यूब पिळली, जरा जास्तच आली, आणि दोन्ही तळव्यांनी तो चोळायला लागला, पीठ मळतात तसा. मधेच थांबला, हात नाकाशी नेला आणि माझ्याकडं बघून एकदम ओरडला, "मावशीआजी, पणजीला कँडीचा वास येतोय!"

आई उशीत तोंड खुपसून हसायला लागली. मग मान वळवून म्हणाली, "माझ्या पाठीला खाऊचा वास? मंग तुझ्या पणजोबांच्या पाठीला तर अख्ख्या दुकानाचा म्हणायचा की! चोळ, आणि जरा वर चोळ."